डेलमारची वाइन आणि नेवाडाची रेघ

डेलमारची वाइन बाटलीत असेपर्यंत फार देखणी दिसे. अर्व्हिलाने ती एकदाच चाखली होती, एकोणीस वर्षांपूर्वी, ओरेगनला भावाच्या मळ्यावर. घोट गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डेलमारला वाटलं, बहिणीचा ऊर भरून आला.

"अप्रतिम," ती म्हणाली. धाकटा भाऊ, त्यात नुकताच घटस्फोट झालेला. दुसरं काय म्हणणार?

नशिबाने ती युटातल्या वेंडोव्हरला राहत होती. परराज्यातून घरपोच दारू मागवणं तिथे बेकायदा. दर वर्षी द्राक्षं उतरली की डेलमारचा फोन येई, "खोकं पाठवू का?" मग ती उसासा टाकून म्हणे, "कायदा आडवा येतो रे. माझ्यापायी तू तुरुंगात जायला नकोस." फोन ठेवला की त्या कायद्याला मनोमन दुवा देई.

यंदा फोन वाजला तेव्हा तिचे हात कणकेत होते. शेजारच्या ऑर्सनने तो उचलला. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस. कायद्याचा विषय निघाला की त्याला राहवत नसे.

"युटात नाही चालत," तो डेलमारला सांगू लागला, "पण रस्त्यावरची राज्याच्या हद्दीची रेघ ओलांडली की नेवाडा. तिथे माझ्या मुलीचं केस कापायचं दुकान आहे. त्या पत्त्यावर पाठवा की, बाईंच्या नावाने."

"ऑर्सन," अर्व्हिला दातांतल्या दातांत म्हणाली, "तुमचे फार उपकार झाले."

"अहो, शेजारधर्म."

दोन आठवड्यांनी दुकानात बारा बाटल्या आल्या. डेलमारने कुरिअरला बजावलं होतं, सही बहिणीचीच हवी. पहिल्या दिवशी अर्व्हिला ओळखपत्र मुद्दाम घरी विसरली.

"तुम्हाला एकवीस वर्षं पूर्ण झालीत हे मला दिसतंय हो," कुरिअरवाली मार्सी म्हणाली, "पण नियम तो नियम."

प्यालेल्या माणसाच्या हाती खोकं देता येत नाही, हे अर्व्हिलाला ऑर्सनकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती झोकांड्या खात दुकानात शिरली.

मार्सीने वास घेतला. "लसणाचा येतोय."

"लसूण घालून प्यायले."

मार्सीने खोकं परत नेलं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं, की शाळेच्या ग्रंथालयातल्या अर्व्हिलाबाई हल्ली सकाळपासूनच घेतात.

तिसरा दिवस शेवटचा. मग खोकं ओरेगनला परत. अर्व्हिला घरात दडून बसली, तर दुकानातून फोन आला, "तुमचे भाऊ आलेत." खोकं अडलंय हे ऑर्सनने त्याला कळवलं होतं, आणि डेलमार अकरा तास गाडी हाकत आला होता. तिने मुकाट्याने जाऊन सही केली.

"चला, घरी जाऊन फोडू," डेलमार म्हणाला.

"रेघेपलीकडे न्यायची नाही," दुकानात ठाण मांडून बसलेला ऑर्सन म्हणाला. "इथेच प्यायला हवी."

कॉफीच्या कपांत वाइन ओतली गेली. डेलमारने घोट घेतला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. अर्व्हिलाने ते पाहिलं.

"डेल, तुला आवडत नाही?"

"कधीच आवडली नाही. वाटायचं, आपली जीभच अडाणी. तू चार बुकं शिकलेली, तू अप्रतिम म्हणालीस, म्हणून दर वर्षी वेलांच्या दोन ओळी वाढवत गेलो."

"किती वाढल्या?"

"अडतीस."

अर्व्हिलाने कप खाली ठेवला. "डेल, ती भयंकर आहे रे. पहिल्या दिवसापासून."

डेलमार मान खाली घालून बसला. त्याचे खांदे हलू लागले. रडतोय असं वाटून ती जवळ गेली, तर पठ्ठ्या हसत होता. "म्हणजे आता मला ते सगळं उपटून नासपती लावता येतील," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून नासपतीच लावायच्या होत्या गं."

"मला तर बरी लागली," ऑर्सन तिसरा कप भरत म्हणाला.

उरलेल्या बाटल्या त्यालाच दिल्या. पण त्या नेवाडातच, म्हणजे मुलीच्या दुकानात बसून संपवायच्या होत्या, आणि फुकट खुर्ची अडवायची नाही, दर खेपेला केस कापून घ्यायचे, ही तिची अट. पाचव्या बाटलीलाच ऑर्सनच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नाही. मग त्याने दाढी वाढवायला घेतली.