काळी आधी, लाल मग

रोज सकाळी दुकान उघडलं की दादा पहिल्यांदा पाटी पुसायचा. 'मोटार इलेक्ट्रिक व बॅटरी दुरुस्ती. वडील आणि मुलगा.' मुलगा म्हणजे तो. पाटीवर धाकट्या बहिणीला जागा नव्हती, आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं.

बहिणीचा रंग सावळ्याच्याही पुढचा, म्हणून सगळे तिला काळी म्हणत. अशी नावं कौतुकाची असतात म्हणे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच पडून राहिलं. वडिलांनी दादाकडून धंद्याचा पहिला नियम लहानपणीच घोकून घेतला होता. बॅटरी काढताना काळी तार आधी काढायची आणि जोडताना काळी शेवटी लावायची. नियम सोन्यासारखा होता, कारण काळी गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते, ती सुटली की पाना कुठेही टेकला तरी ठिणगी उडत नाही. पण दुकानात कुणी आलं, की तेच वडील हसून म्हणायचे, "चला, काळी आधी काढा!" आणि ती दुकानामागच्या पडद्याआड जायची. 'काळी शेवटी' म्हणून जेवायलाही ती शेवटी बसायची. सगळे खो खो हसायचे, दादा सगळ्यांत जास्त. तीही हसायची, करते काय बिचारी!

दादाचं खरं दुखणं वेगळंच होतं. त्याला शिकवलेलं सगळं तिनं पडद्यामागून ऐकून उचललं होतं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती घालायचं, टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्यानं कशी धुवायची, आणि नुसतं इंजिन ऐकून दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं. हे शेवटचं दादाला बारा वर्षांत जमलं नव्हतं. गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलायची, पण कान पडद्याकडे लावून. ते पाहून तो आतल्या आत जळायचा.

त्या दिवशी जुनं गिऱ्हाईक असलेला ट्रकवाला ट्रकचं तोंड दुकानात घालून उतरला. "तीन दिवसांत बॅटरीचं पाणी आटतंय. जरा काळीताईला आधी विचारा हो, मग तुम्ही हात लावा."

काळी आधी! दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा," पडद्यामागून आवाज आला, "कुजक्या अंड्यासारखा वास येतोय. बॅटरी उकळलीय, गॅस सुटलाय. शटर पूर्ण वर कर, तासभर थंड होऊ दे. डोळ्यांना चष्मा लाव. आणि काळी आधी..."

"माहीत आहे मला! बाबांनी मला शिकवलंय, तुला नाही. गप बस आत!"

नियम त्याला झोपेतही पाठ होता. पण तो शब्दच त्या दिवशी त्याला सोसवेना. त्यानं मुद्दाम पाना लाल तारेला लावला. पान्याचं दुसरं टोक ट्रकच्या लोखंडाला टेकलं, ठिणगी उडाली, गॅस पेटला आणि बॅटरी फटाक्यासारखी फुटली. तोंडावर ॲसिड आलं आणि दादा किंचाळत खाली बसला.

पडदा फाडूनच ती बाहेर आली. त्याला मानगुटीला धरून तिनं नळाखाली नेलं आणि बोटांनी त्याच्या पापण्या उघड्या धरल्या.

"डोळे मिटू नकोस! मिटू नकोस म्हणते ना!"

"अगं, तेल लाव त्याला!" वडील ओरडत धावले.

"काही लावायचं नाही, बाबा. फक्त पाणी!" वडिलांना तिनं आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. ट्रकवाल्यानं दवाखान्यात न्यायला गाडी आणेपर्यंत तिनं नळ सोडला नाही.

डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच मिळालं नसतं तर दोन्ही डोळे गेले असते. उजवा वाचला. डाव्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

महिन्याभरानं ट्रकवाला परत आला. त्याच्या नव्या बॅटरीचं पाणीही आटू लागलं होतं. दादा डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर बसला होता. वडिलांच्या हातात आता पाना टिकत नसे. तरीही सवयीनं ते म्हणाले, "चला, काळी आधी काढा."

या वेळी ती हलली नाही.

"बाबा, तार आधी काढतात ती जीव वाचावा म्हणून. मला कशासाठी काढता?"

"गाडी दुसरीकडे न्या हो," वडील तिच्याकडे न बघता ट्रकवाल्याला म्हणाले. "आमच्यात बायका गाडीला हात लावत नाहीत."

तिनं खुंटीवरचा चष्मा काढला, हातमोजे चढवले आणि ट्रककडे गेली. दादा पुन्हा आतल्या आत जळला. मत्सर काय एका डोळ्यावर भागतो? पण ज्या डोळ्यानं तो तिच्याकडे पाहत होता, तो तिनंच राखलेला होता.

"शटर पूर्ण वर करा," ती बॉनेटखालून म्हणाली. "दोष बॅटरीत नाहीच. रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीत नको तेवढी वीज ढकलतोय."

वडील जागचे हलले नाहीत. दादा उठला आणि त्यानं शटर वर केलं.

"मग काम कोण करणार?" ट्रकवाल्यानं विचारलं.

दादानं बहिणीचं नाव घेतलं. दाखल्यावरचं, पूर्ण नाव. घेताना जीभ अडखळली.

"या नावाची कोण?" ट्रकवाल्यानं विचारलं. "नवीन कामाला ठेवलीय का?"

अकरा वर्षं तो त्या दुकानात येत होता.

"माझी बहीण," दादा म्हणाला, आणि त्यानं पाना तिच्या हातात दिला.