नऊ नंबरचा शर्ट

"आज तरी फिंटनला मैदानात उतरवणार आहात, की बाकावरच सडवणार आहात?" मी मॅनेजरला विचारलं.

"नुआला, तू कपडे धू. टीमचं मी बघतो."

घ्या! एकोणीस वर्षं मी बॅलीनारा फुटबॉल क्लबचे कपडे धुतेय, त्यातली सतरा वर्षं फिंटन गिलूलीचा शर्ट. या साहेबांना येऊन जेमतेम तीन महिने झालेत.

फिंटन सकाळी गावात टपाल वाटतो आणि शुक्रवारी संध्याकाळी गोल मारतो. आज त्याची शेवटची मॅच होती, गुडघेच संपलेत बिचाऱ्याचे. आमच्या चहाच्या खोलीत शंभर गोल करणाऱ्यांची लाकडी पाटी आहे. तिच्यावर एकच नाव आहे, आणि तो माणूस माझ्या जन्माआधीच वारला. फिंटनचे झालेत नव्याण्णव.

खरं तर शंभर. दोन वर्षांपूर्वी समुद्रावरून धुकं आलं, आणि दहा मिनिटं उरलेली असताना रेफरीने मॅच रद्द केली. मॅच पुन्हा खेळवली, आणि धुक्याच्या दिवशी फिंटनने घसरत जाऊन मारलेला गोल पुसला गेला. अहो, त्या गोलाचा चिखल मी या हातांनी धुतलाय! मशीनमध्ये टाकला की त्याच्या शर्टावरचा नऊचा आकडा उखडतो, म्हणून हातानेच धुते. मी महिनाभर भांडत होते. हा मात्र म्हणाला, "जाऊ दे गं, अजून एक मारीन." तेव्हापासून मारतोच आहे.

मॅनेजरने शेवटची आठ मिनिटं उरल्यावर त्याला उतरवलं. शून्य-शून्य. फिंटन धावत होता, पण चेंडू काही त्याच्याकडे येत नव्हता. मी बाजूला उभी राहून माझ्याच बोटांना पीळ देत होते.

आणि गोलसमोर त्यांच्या बचावपटूने आमच्या काहलला पाडलं. पेनल्टी!

सगळं गाव उठून उभं राहिलं. "फिंटन! फिंटन!" काहल चोवीस वर्षांचा, समजूतदार पोरगा. तो चेंडू घेऊन सरळ फिंटनसमोर आला.

"घे."

"पडलं कोण?"

"अरे, घे ना! सगळे ओरडतायत."

"पडला तू, मारणार तू. नियम आहे."

नियम कोणाचा? याचाच! पहिल्या वर्षी हा पडला आणि पेनल्टी मारायला कॅप्टनने चेंडू ओढून घेतला. तेव्हा हा कपडे बदलायच्या खोलीत इतका भांडला की ठरलंच, जो पडेल त्याने मारायचं. सतरा वर्षांत कोणी मोडला नाही.

"मोड की एकदा, मूर्खा!" मी ओरडले. त्याने ऐकलं असणार, कारण मान खाली घातली. पण चेंडूला हात लावला नाही.

शेवटी काहलनेच चेंडू ठेवला. त्याने मारलेला चेंडू गोलवरून उडून पलीकडच्या मेंढ्यांच्या कुरणात गेला. मग शिट्टी वाजली आणि संपलं.

खोलीत काहल तोंड झाकून बसला होता. फिंटन त्याच्या शेजारी बसून बुटांचे बंद सोडत होता. सगळे गेल्यावर त्याने शर्ट माझ्या हातात दिला.

"समाधान झालं?" मी म्हटलं. "एक पाय मारायचा होता. एक!"

"मी चेंडू घेतला असता तर तो पोरगा जन्मभर म्हणाला असता, 'शंभरावा गोल मी फिंटनला दिला.' आणि मला रोज टपाल टाकताना त्याच्या दारावरून जायचंय."

"आणि पाटीचं काय?"

त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला नको होतं का, नुआला? सतरा वर्षं काय हवं होतं मला?"

तो लंगडत दाराकडे गेला. "राहू दे, धुऊ नकोस. मळलाच नाही तो."

खरंच, आठ मिनिटांत चिखलाचा एक ठिपका लागला नव्हता. तरी मी बादली भरली, साबण लावला आणि नेहमीसारखा, आकडा सांभाळत, घासला. पाणी शेवटपर्यंत स्वच्छच राहिलं.