धुतलेला चिखल

'खेळणं' हा शब्द ऐकला की शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि घरात तो शब्द रोज कुणीतरी काढायचंच. सगळ्यांत जास्त तिचे वडील, अप्पा. "पन्नाशीला आलीस, अजून खेळण्यात रमतेस," असं म्हणून ते पेपर उलगडायचे.

खेळणं म्हणे! खेळण्याला ब्रेकची नळी असते होय? शुभांगीच्या गाडीला होती. दुर्गदबैल बाजारातल्या घरच्या कापडदुकानातून चंदेरी जर आणून, तिचे दोन पदर पिळून तिनं ती नळी केली होती. टाचण्यांची डोकी कापून बोल्ट केले होते. काळ्या शिवणदोऱ्याची क्लचची केबल होती. शर्यतीची अख्खी मोटरसायकल, खऱ्या गाडीच्या बाराव्या हिश्श्याची, जेमतेम वीतभर. भिंग डोळ्याला लावून ती वर्षभर मान मोडून बसली होती. याला खेळणं म्हणणाऱ्याच्या हातात एकदा चिमटा द्यावा आणि म्हणावं, बसवून दाखव एक बोल्ट!

ही गाडी तिचा धाकटा भाऊ प्रसाद याची. म्हणजे खरी गाडी त्याची होती. केलगेरीच्या पलीकडच्या माळावर मातीतल्या शर्यती व्हायच्या, तिथं तो ती पळवायचा. शेवटच्या शर्यतीत मधेच डावीकडं पडला, उठला आणि वाकडा क्लच दाबत दाबत पहिला आला. पुढं थोड्याच दिवसांत सरावाला गेला नि गुडघा असा मोडला, की डॉक्टरांनी पुन्हा गाडीवर बसायचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. तो दवाखान्यात असतानाच अप्पांनी गाडी तारिहाळच्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली. प्रसादला विचारलं नाही, सांगितलंही नाही. कुबड्या घेऊन तो घरी आला, रिकामा पोर्च बघितला आणि आत जाऊन झोपला. त्याला तीन वर्षं झाली. गाडीचा विषय निघाला की तो आजही पानावरून उठून जायचा.

शुभांगीला याचा भारी राग होता. अप्पांचा होता, आणि प्रसादच्या बायकोचा, अनिताचा, त्याहून जास्त होता. नवऱ्याची गाडी दारातून जाते आणि बायको ब्र काढत नाही म्हणजे काय!

म्हणून तर तिनं ही गाडी करायला घेतली. दुकानात उभी असते तसली चकचकीत नव्हे. शर्यतीची रेघ ओलांडून आली तशी. क्लचचा डावा लिव्हर वाकलेला, टाकीवर खरवडा, इंजिनच्या बुडाशी तेलाचा ओघळ आणि टाकीपर्यंत चिखल. चिखलाला माती कुठली, तर त्याच माळावरची. बसनं जाऊन पिशवीभर आणली, मलमलीतून चाळली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि बारीक कुंचल्यानं ठिपका ठिपका करत लावली. आदल्या रात्री जेवताना तिनं प्रसादला सांगून टाकलं, "उद्या पूजा झाली की माझ्या खोलीत ये. तुझी गाडी दाखवायची आहे." तो पानावरून उठला नाही. "येतो," म्हणाला. त्या एका शब्दावर शुभांगीला रात्रभर धड झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अप्पा आणि प्रसाद दुकानाच्या पूजेला गेले. शुभांगी झेंडू आणायला बाजारात गेली आणि गर्दीतून धक्के खात परत आली. खोलीत जाऊन बघते तर टेबलावरचा खोका उघडा, आत काही नाही.

ती धावतच अंगणात आली. नळापाशी स्कूटर, अप्पांची जुनी मोपेड आणि अनिताची सायकल धुऊन पुसून ओळीनं उभ्या होत्या. बाजूला शिवणयंत्र, कात्री, विळी. सगळ्यांना हळदीकुंकवाची बोटं. आणि ओळीच्या शेवटी, पाटावर, तिची गाडी. लख्ख! चिखलाचा एक ठिपका नाही. कपाळाला कुंकू.

"अनिता! हे कुणी केलं?"

"मीच की, अक्का!" अनिता ओल्या हातांनीच पुढं आली. चेहरा नुसता फुलला होता. "बघा कशी दिसालीय! मऊ ब्रश घेतला आणि शांपूनं धुतली. केवढी माती होती, अय्यो शिवने! आणि तो डावा लिव्हर वाकला होता बघा, तोही हळूच सरळ केला."

"सरळ केलास?" शुभांगीच्या हातातली फुलांची पिशवी खाली पडली. "अगं बाई, तो वाकडाच होता! मुद्दाम वाकडा केला होता मी, चार मोडले तेव्हा एक जमला! आणि ती माती मी लावली होती माती! वर्ष गेलं माझं ती गाडी मळवण्यात, आणि तू शांपू लावलास? शांपू!"

"मला काय ठाऊक, अक्का..."

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतंस! तोंड नाही तुला? गाडी दिलीत तेव्हा कुणी विचारलं नाही, धुतलीस तेव्हा तू विचारलं नाहीस. प्रसादच्या गाडीचं काहीही करायचं असलं की कुणालाच विचारायचं नाही, असा नियम आहे काय या घरात? आता येईल तो. काय दाखवू त्याला? ही शोरूममधली नवरी?"

अनिताचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात फाटक वाजलं. पुढं अप्पा, मागं पाय ओढत प्रसाद. शुभांगी गाडी उचलायला वाकली, पण प्रसादची नजर आधीच गाडीवर गेली होती. तो जागच्या जागी थांबला.

"हे खेळणं कशाला आणलंय पूजेत?" अप्पा म्हणाले.

शुभांगीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी अनिताच बोलली. सासऱ्यासमोर कधी मान वर न करणारी अनिता!

"खेळणं नव्हे ते, अप्पा. ह्यांची गाडी आहे. दर नवमीला मीच धूत होते ती, विसरलात काय? त्या वर्षी नवमी तोंडावर आली होती आणि तुम्ही माणूस बोलावून गाडी दिलीत. दवाखान्यातून डबा घ्यायला घरी आले, तर तो ढकलत नेत होता. तशीच, चिखलात बरबटलेली. मळक्या अंगानं कुणाला घरातून पाठवतात होय? मला धुऊ तरी द्यायची होती!"

अप्पांनी चपला काढल्या आणि ते ओळीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. एवढा राग भरून आलेला आणि आता तो काढायचा कुणावर, हेच शुभांगीला कळेना. तीन वर्षं जिला मुकी समजून मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिच्या पोटात हे होतं.

प्रसाद दुखरा पाय बाजूला पसरून पाटासमोर बसला. गाडीकडं बघत राहिला. मग चाकांकडं बोट केलं. "हे काय?"

"लिंबं," अनिता डोळे पुसत म्हणाली. "खरं लिंबू ठेवून बघितलं, ते चाकाएवढं दिसालतं. म्हणून भिजवलेला साबुदाणा हळदीत घोळवला."

शुभांगीनं वाकून बघितलं. पुढच्या चाकाखाली एक पिवळा दाणा, मागच्या चाकाखाली एक. लिंबाचा बारावा हिस्सा. तंतोतंत! भिंग लावून, पट्टी धरून तिनं केलं असतं तरी याहून बरोबर झालं नसतं, आणि तिला ते सुचलंही नव्हतं. या गोष्टीची तिला मेली आणखीच चीड आली.

प्रसादनं सीटवर बोट ठेवलं आणि गाडी पुढं सरकवली. दोन्ही लिंबं चिरडली. मग नखानं तो डावा लिव्हर हळूच दाबला. वाकवला, पुन्हा थोडा वाकवला.

"एवढा होता," तो म्हणाला. "डावीकडं पडलो होतो ना."

तीन वर्षांनी गाडीबद्दल निघालेले हे पहिले शब्द. अनिता तोंडाला पदर लावून रडायला लागली. शुभांगीलाही हुंदका आला, तो तिनं रागानंच गिळला.

"रडतेस कसली? पूजा उरक आणि माझ्या खोलीत ये. धुतलास तेवढा सगळा चिखल तुझ्याच हातानं परत लावून घेणार आहे मी. सुटका नाही तुझी!"

"मला जमंल काय, अक्का? कुठं किती होता ते मला कसं कळणार?"

"मी बसतो की शेजारी," प्रसाद म्हणाला. "मी सांगतो कुठं कुठं होता ते."