एक जूनची माणसे

“डी ड्राइव्हला तेवढा हात लावू नको, दिगू. बाकी काय करायचं ते कर,” यशोदासिस्टर म्हणाल्या. कॉम्प्युटरच्या डब्यावर त्यांनी हात ठेवला होता, आणि तो उचलायला त्या तयार नव्हत्या.

“सिस्टर, बावीस वर्षं झाली या धंद्याला. सी उडवतो, डी ला बोट लागत न्हाय.”

“ते म्हाईत हाय रं. तरी सांगावं. बाळंतिणीला टाके घालताना कापसाचे बोळे मी दोनदा मोजायची.”

“आता कॉम्प्युटरचं बी बाळंतपण करताय व्हय?” त्यांच्यासोबत आलेली सारजा म्हणाली, आणि तिघेही हसले.

भिगवण रस्त्यावरच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिग्विजयच्या खुर्चीमागे एक पाटी होती : ‘डेटाची जबाबदारी ग्राहकाची राहील.’ ती आजवर कुणाला दाखवावी लागली नव्हती. एमआयडीसीतल्या कारकुनांपासून लग्नाची शूटिंग करणाऱ्यांपर्यंत सगळे सांगत की दिगूभाऊने कुणाची फाइल कधी घालवली नाही. दिग्विजयने स्वतःविषयी ऐकलेले एवढे एकच चांगले वाक्य होते, आणि तो त्यावर जगत होता.

यशोदासिस्टर वालचंदनगरच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात सदतीस वर्षे परिचारिका होत्या. हंगामात ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांत, चिमणीच्या उजेडात त्यांनी बाळंतपणे केली. सरकारी रजिस्टरात या मुलांना जागा मिळेच असे नव्हते. तोडकरी आज इथे तर उद्या तिथे, आणि नोंद न करणे नेहमीच सोपे. म्हणून सिस्टर स्वतःच्या वहीत लिहीत : आईचे नाव, कोपी कुणाच्या फडाशेजारी, दिवस, वेळ, वजन. निवृत्तीनंतर चार वर्षे एका बोटाने टाइप करून त्यांनी ती सगळी जन्मयादी कॉम्प्युटरात उतरवली. वह्यांना वाळवी लागली होती. “आता यादी डी मधी हाय. वह्या कशाला ठेवताय? घरभर पसरंल,” हे दिग्विजयनेच सांगितले होते. सिस्टरांनी वह्या बंबात घालून जाळल्या.

या भागात एका पिढीतली निम्मी माणसे एक जूनला जन्मली आहेत. यात ग्रहांचा काही संबंध नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींना जन्माची चौकशी करण्याचा कंटाळा होता, आणि राज्याने तो कंटाळा पुरावा म्हणून स्वीकारला. सारजाही एक जूनची. ती कोपीत जन्मली, आणि जूनमध्ये कोप्या नसतात. कारखाना बंद होऊन माणसे केव्हाच गावी परतलेली असतात. पण कागदाला हंगाम कळत नाही. कागदावर ती पावणेतीन वर्षांनी थोरली होती, आणि अंगणवाडी मदतनिसाच्या जागेची वयोमर्यादा तेवढ्यानेच ओलांडत होती. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. खरी जन्मनोंद व्हावी म्हणून तिने अर्ज केला होता. गुरुवारी सुनावणी. पुरावा म्हणजे सिस्टरांच्या यादीतली एक ओळ, खाली सिस्टरांची सही. कॉम्प्युटर मात्र महिनाभर उघडत नव्हता.

“हिची तारीख तुमाला आठवत नसंल ना सिस्टर?” दिग्विजयने विचारले.

“सकाळी काय खाल्लं ते आठवत न्हाय बाबा. म्हणून तर बसून टायपिंग केलं.”

“चारला या,” तो म्हणाला. दोघी एसटी स्टँडकडे गेल्या.

काम साधे होते. यादी असलेली जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवायची, शेजारी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवायची आणि विंडोज त्या एसएसडीवर टाकायची. अशा वेळी जुन्या डिस्कची केबल आधी काढून ठेवावी, हा नियम दिग्विजयने कितीतरी जणांना शिकवला होता. त्या दुपारी, केबलपर्यंत पोहोचायला जो मागचा पत्रा काढावा लागतो, त्याचा गंजलेला स्क्रू फिरेना. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिले.

एसएसडी एका मोडलेल्या लॅपटॉपातून काढलेली होती, तिच्यावर जुनी मांडणी होती. विंडोज तिच्यावर बसेना. फॉरमॅटही होईना. तीच ती तांबडी सूचना तीनदा आली : या डिस्कवर इन्स्टॉल करता येत नाही. दिग्विजयने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. अशी अडलेली डिस्क मुळापासून पुसायची एक आज्ञा असते; ती देण्यापूर्वी यादी मागवून डिस्कचा आकार बघायचा असतो. त्याने यादी मागवली नाही. बावीस वर्षे विंडोज जिच्यावर टाकायची त्या डिस्कचा क्रमांक शून्य असे. त्याने शून्य निवडला आणि आज्ञा दिली.

एक सेकंद लागला.

मग त्याने यादी पाहिली. एसएसडीची जुनी मांडणी जशीच्या तशी होती. पाचशे जीबीची जुनी डिस्क मात्र कोरी दिसत होती. ती पहिल्या सॉकेटला होती, म्हणून शून्य तीच होती.

इथवर जे घडले त्याला चूक म्हणता येते, आणि चुकीला माणसे क्षमा करतात. शिवाय ती निस्तरता येण्यासारखी होती. त्या आज्ञेने डिस्कवरची अनुक्रमणिका जाते, मजकूर जागेवरच असतो. मशीन बंद करून डिस्क काढली असती, पुण्याला पाठवली असती, तर यादी ओळ न ओळ परत आली असती. दिग्विजयला हे माहीत होते. तालुक्यात त्याच्याइतके ते कुणालाच माहीत नव्हते. फक्त चार वाजता एक वाक्य बोलावे लागले असते : सिस्टर, माझ्या हातून चुकलं.

तो वीस मिनिटे बसून राहिला. या वीस मिनिटांत त्याने डिस्कचा विचार केला असे म्हणणे खोटे ठरेल. डिस्क पुण्याला गेली तर तिथला माणूस काय सांगेल, सारजा गावात काय सांगेल, एमआयडीसीत कोण काय म्हणेल, याचाच तो विचार करत होता. मग त्याने जुन्या डिस्कवर नवा विभाग केला आणि फॉरमॅटची आज्ञा दिली. झटपट होणारा नव्हे, पूर्ण. पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या प्रत्येक कणावर शून्य लिहीत जातो. आकडा वर सरकू लागला : दोन टक्के, तीन टक्के. पावणेदोन तास तो थांबवता येत होता.

चार वाजता दोघी आल्या.

“सिस्टर, जुनी डिस्क गेलती. आधीच. मी लावली तवाच आवाज करत हुती.”

सिस्टरांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “जाऊ दे. माणूस जातंय, तितं मशीनचं काय? तू कशाला तोंड पाडतोस? पाणी पी.” आणि टेबलावरचा तांब्या त्यांनीच त्याच्यापुढे सरकवला.

तो प्यायला.

“पुण्यात काढून देतात म्हणं भाऊ,” सारजा म्हणाली.

“एवढी गेलेली न्हाय निघत.”

“न्हाय तर न्हाय. द्या ती. इचारून तर येते.”

नाही म्हणायला कारण सापडेना. त्याने डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

पुढचे बारा दिवस तो वेळेवर दुकान उघडत होता, फोनवर नेहमीचे विनोद करत होता, आणि कुणी डी ड्राइव्हचे नाव काढले की उठून बाहेर जात होता. गुरुवारी त्याने सुनावणीसाठी इंदापूरला जायचे ठरवले. मोटरसायकल काढली, आणि भिगवण रस्त्यावरूनच परत फिरला.

तेराव्या दिवशी सिस्टर आल्या. सारजा रिक्षाजवळच थांबली. दुकानाकडे तिने पाहिलेही नाही. सिस्टरांनी वर्तमानपत्रातले पुडके टेबलावर ठेवले.

“डिस्क चांगली हाय म्हणाला पुण्याचा पोरगा. कायबी बिघाड न्हाय. फकस्त कोरी हाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. असं आपोआप हुत न्हाय म्हणाला.”

“सुनावणी?” दिग्विजयने विचारले.

“झाली की. पुरावा न्हाय. एक जूनच राहिली.”

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला. दिग्विजय उभा राहिला.

“सिस्टर, ते मी... आधी चुकून झालं. मग मुद्दाम केलं.”

“व्हय. वाटंतच कळलं मला.” त्यांचा आवाज चढला नाही. “एकदा एका कोपीत नाळ बांधताना गाठ माझ्याकडनं ढिली झाली. रक्त लागलं वाहायला. मी अशी बोंब ठोकली, की फडातली माणसं कोयते टाकून पळत आली. शिव्या घातल्या मला. डॉक्टरला आणायला एकजण सायकलवर गेला. पोरगी जगली. ती बी यादीत हुती. नाव काय तिचं, ते बघ आता येत न्हाय.”

बोलण्याजोगे जे होते त्याची वेळ टळून तेरा दिवस झाले होते.

“डिस्क ठेव. कुणाच्या तरी कामाला येईल,” त्या म्हणाल्या आणि वळल्या.

दुकानाची पायरी उंच होती, आणि सिस्टरांचा गुडघा दुखरा. दिग्विजय घाईने पुढे गेला आणि त्याने हात दिला. सिस्टरांनी त्या हाताकडे पाहिले, शटरची लोखंडी चौकट धरली, आणि एकेक पाऊल टाकत खाली उतरल्या.