वीस टक्के बर्फ

मैत्रेयीला केम्प्टेनला शिकायला जायचं होतं, कारण केम्प्टेनहून स्कीइंगचे डोंगर पाऊण तासावर आहेत. बस्स, एवढंच कारण. मी चार वेळा विचारलं, चारही वेळा हेच उत्तर. आबिटूरच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पोरीला एक पूर्णांक तीन, इथे जर्मनीत आकडा जितका लहान तितकं पोर हुशार, आणि ही बाई कॉलेज निवडणार बर्फ बघून!

"अगं, बर्फ काय, आपल्या फ्रीजमध्येही आहे," मी म्हणालो.

मैत्रेयी हसली नाही. नीलिमा, म्हणजे माझी बायको, तीही हसली नाही. माझ्या विनोदांना आमच्या घरात हल्ली असाच प्रतिसाद मिळतो.

माझं म्हणणं साधं होतं. मेकॅनिकल करायचंय ना? मग आखनचं विद्यापीठ. मी स्वतः आखनचा. कराडला बी.ई. करून तिथे मास्टर्सला आलो, तिथेच धडपडत जर्मन शिकलो, आणि तिथल्या प्रोफेसरांच्या एका पत्रावर एर्लांगेनला नोकरी लागली, ती आजतागायत टिकली. आखनचं नाव घेतलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. केम्प्टेनचं नाव घेतलं की विचारतो, तिथलं चीज छान असतं ना?

"मला कुणी विचारलं होतं का, डोंगर किती लांब हवा म्हणून? वडील म्हणाले कराड, मी गेलो कराडला."

"आणि दर रविवारी सदाशिवगडावर कोण जायचं?" नीलिमा फरसबी मोडता मोडता म्हणाली. "अहो, तुम्हीच सांगता ना, चार वर्षांत एक रविवार चुकवला नाही म्हणून."

बायकोला जुन्या गोष्टी सांगू नयेत. ती त्या जपून ठेवते आणि नको त्या वेळी परत करते.

शेवटी तोडगा मीच काढला. ऑफिसात आम्हाला बेअरिंगचा पुरवठादार निवडायचा असला की आम्ही भांडत नाही, तक्ता मांडतो. कशाकशाला महत्त्व आहे ते लिहायचं, प्रत्येकाला टक्के द्यायचे, एकूण शंभर. मग प्रत्येक पुरवठादाराला दहापैकी गुण. गुणाकार, बेरीज, विषय संपला. जर्मन माणसाचा या तक्त्यावर देवासारखा विश्वास असतो, आणि पंचवीस वर्षांत माझाही बसलाय. त्यात नियम एकच: टक्के आधी ठरवायचे, गुण नंतर. गुण दिसल्यावर जो टक्क्यांना हात लावतो तो लबाड. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवतो.

शनिवारी दुपारी आम्ही बापलेक बाल्कनीत बसलो. अर्जाची शेवटची तारीख पंधरा जुलै, म्हणजे हातात दहा-अकरा दिवस. शिक्षणाचा दर्जा तीस टक्के. कंपन्यांशी संबंध वीस. राहायची सोय पंधरा, घरापासूनचं अंतर पंधरा. स्कीइंगला ती तीस मागत होती, मी पाच देत होतो. मंडईत करावी तशी घासाघीस करून वीसवर आलो. मी मराठीत बोलतो, ती उत्तर जर्मनमध्ये देते, गेली दहा वर्षं आमचं असंच चाललंय. इथे मी तिचंही मराठीतच सांगतो, तुम्हाला त्रास नको.

"तक्ता जे सांगेल ते," मी म्हणालो. "मग रडारड नाही. ना तुझी, ना माझी."

"शब्द?"

"शब्द."

तिने हात पुढे केला. मीही मोठ्या ऐटीत मिळवला.

"पण एक सांग," मी विचारलं, "आपल्या सात पिढ्यांत कुणी स्की पायाला लावली नाही. हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं कुठून?"

"सातवीतून," ती म्हणाली आणि सायकल काढून मैत्रिणीकडे, अन्निकाकडे गेली.

सातवीची गोष्ट म्हणजे आमच्या घरातला गाजलेला किस्सा. गणपतीत मंडळाची माणसं जमली की लोक मला आग्रह करून सांगायला लावतात. इकडे सातवीच्या मुलांना शाळा आठवडाभर स्की शिकायला डोंगरात नेते. त्याचे कागद सहीसाठी माझ्याकडे आले. बारा वर्षांची पोर, पाच रात्री बाहेर, आणि त्याच हिवाळ्यात ऑफिसातला एक जण पाय मोडून प्लास्टरमध्ये. नाही म्हणायला कारण हवं. मग आपल्याकडची युक्ती काढली. शाळेला चिठ्ठी लिहिली: मैत्रेयीचा उजवा गुडघा दुखतो, तिला स्कीइंग झेपणार नाही. सही, वडील. आपल्याकडे अशा चिठ्ठीवर मास्तर मिशीतल्या मिशीत हसतात. इथल्या बाईंनी ती खरी मानली! 'लवकर बरी हो' असं कार्डही पाठवलं, वर व्यायामाच्या तासालाही हिला बाकावर बसवलं. आता आली का पंचाईत? मी पोरीला सांगितलं, बाई गं, थोडे दिवस जरा लंगडत चाल. आणि ही अशी झकास लंगडली, अशी लंगडली, की शेजारच्या म्हाताऱ्या जर्मन आजींनी मलम आणून दिलं!

इथे लोक हसून हसून लोळतात. मी लंगडून दाखवतो तेव्हा तर विचारूच नका.

पुढच्या वर्षी पाठवू, असं मी तिला म्हणालो होतो. पुढच्या वर्षी कोरोना आला. दहावीत अन्निकाच्या आईवडिलांनी तिला सुट्टीत चार दिवस सोबत नेलं. मी तेव्हा कामासाठी पुण्यात होतो, परवानगी नीलिमाने दिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिचं हे चार दिवसांचं स्कीइंग.

रविवारी दुपारी मी एकटाच लॅपटॉप घेऊन बसलो आणि गुण भरले. प्रामाणिकपणे भरले, खोटं कशाला बोलू? दर्जाला आखनला दहा, केम्प्टेनला सात. राहायच्या सोयीत आणि अंतरात केम्प्टेन पुढे. स्कीइंगला आखनला एक, तोही जुन्या ओळखीखातर. बेरीज आली. केम्प्टेन जवळजवळ आठ, आखन साडेसहासुद्धा नाही.

मी चहा करून आलो. बेरीज तीच होती.

मग मी ते केलं. दर्जाचे तीस होते, ते पंचेचाळीस केले. स्कीइंगचे वीस होते, त्याचे पाच. फक्त दोन आकडे. आखन सात पूर्णांक सात, केम्प्टेन साडेसात. मनाला म्हटलं, शिक्षणाला पंचेचाळीस टक्के म्हणजे काही पाप नाही, उलट कुठलाही बाप हेच म्हणेल. आणि तिच्या लक्षात कशाला येतंय? कागद छापून टेबलावर ठेवला आणि उगीचच कुंड्यांना पाणी घालायला गेलो. चोराच्या मनात चांदणं.

ती संध्याकाळी आली. उभ्या उभ्या कागद वाचला. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं, शेवटच्या ओळीवर थांबलं. पाच टक्क्यांवर. किती वेळ थांबलं ते मी मोजलं नाही, पण माझ्या हातातल्या झारीतलं पाणी कुंडीबाहेर वाहून गेलं.

मला वाटलं, आता स्फोट होणार. मी तयारीत होतो. माझ्याकडे सहा मुद्दे होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आखन तर आखन."

कागदाची नीट घडी घातली आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"जिंकलात?" नीलिमाने विचारलं.

"तक्ता जिंकला. ती स्वतः कबूल झाली होती."

"अहो, तिने बघितलंय. तुम्ही शनिवारी बाल्कनीत केवढ्याने ओरडत होता, वीस म्हणजे वीस! मलासुद्धा पाठ आहे."

"बघितलं तर बोलली का नाही मग? तोंड नाही का तिला?"

"सातवीत तरी कुठे बोलली होती?" नीलिमा म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का, ती घरीसुद्धा लंगडायची."

"घरी कशाला?"

"तेच मी विचारलं होतं. म्हणाली, घरी नीट चालले तर शाळेत विसरेन, मग बाबा खोटा पडेल. तीन आठवडे, अहो. बाथरूमला जातानासुद्धा. एकदा मी दाराच्या फटीतून पाहिलं, एकटीच होती खोलीत, तरी पाय ओढत कपाटापर्यंत गेली. तुम्ही तो किस्सा सांगता ना, तेव्हा हे मला सांगवत नाही."

सहा वर्षं मी लोकांना हसवत होतो. मी तिला थोडे दिवस म्हणालो होतो आणि विसरून गेलो होतो. पुरे झालं, आता नीट चाल, हे तिला सांगायचं माझं कामच होतं, ते मी केलं नव्हतं.

'ठीक आहे' हे ती तेव्हाही अगदी अशीच म्हणाली होती. आता लंगडणार होती आखनमध्ये, तीन वर्षं. आणि तिथेही झकास लंगडली असती, पहिल्या नंबराने. मग मी गणपतीत सांगितलं असतं, पोरगी बापाच्या वाटेने गेली बरं का!

सोमवारी मी ऑफिसातून लवकर आलो. मैत्रेयी खोलीत खाली बसून स्कीचे बूट एका पिशवीत भरत होती. जुनेच बूट, गेल्या वर्षी स्की क्लबच्या जुन्या सामानाच्या बाजारातून घेतलेले.

"हे काय चाललंय?"

"अन्निकाच्या बहिणीला देतेय. तिला बसतील. आखनहून वर्षातून चार दिवस जाऊन काही होत नाही, बाबा. बाकीचे चौथ्या वर्षापासून शिकलेत. मी पंधराव्या. मला अजून उतारावर डावीकडे नीट वळता येत नाही. रोज डोंगर जवळ असता तर जमलं असतं. त्यापलीकडे काही नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगत होती.

मी पलंगावर बसलो. म्हणालो, "मैत्रेयी, टक्के मी बदलले."

"माहीत आहे."

"मग भांडली का नाहीस?"

"तू इतका घाबरला होतास," ती म्हणाली. "तेव्हाही आणि कालही. मला कळतं, बाबा. तुला फार भीती वाटली की तू कागद लिहितोस."

पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्या साहेबाने माझं असं नेमकं मूल्यमापन केलं नाही. मला रडूच आलं, सरळ सांगतो. बावन्न वर्षांचा माणूस, समोर स्कीच्या बुटांची पिशवी, आणि मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसतोय.

"मी लंगडायला सांगितलं ते चुकलंच," मी म्हणालो. "आणि लोकांना हसत सांगितलं ते त्याहून चुकलं. तो उजवा गुडघा..."

"डावा."

"काय?"

"चिठ्ठीत डावा होता. तू सगळ्यांना उजवा सांगतोस. आणि लंगडून दाखवतोस तेसुद्धा चुकीच्या पायाने."

मी उठलो. कपाटावरच्या प्रिंटरमधून दोन कागद ओढले. पहिल्यावर तक्ता पुन्हा मांडला, हातानेच, शनिवारच्या टक्क्यांनी. तीस, वीस, पंधरा, पंधरा, वीस. बेरीज करायची गरज नव्हती, तरी केली. केम्प्टेनखाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या कागदावर जर्मनमध्ये लिहिलं, तसंच सरकारी थाटात, जसं तेव्हा लिहिलं होतं:

'मैत्रेयी गद्रे हिचे दोन्ही गुडघे पहिल्यापासून ठणठणीत आहेत. ती स्कीइंगला येऊ शकते. आधीच्या चिठ्ठीतला मजकूर खोटा होता, तो तिने नाही, मी लिहिला होता. श्रीनाथ गद्रे, वडील.'

तिने चिठ्ठी घेतली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. ओठ घट्ट मिटले. लहानपणी पडल्यावर रडू दाबताना ती अशीच करायची. मग नाक ओढून, बारकाईने कागद तपासत म्हणाली,

"आल्झो, हे बघ, तारीख नाही घातलीस. तारखेशिवाय इथे काही चालत नाही."

जन्माने भारतीय, पण हाडाने जर्मन कार्टी! मी पेन काढलं.

"आज किती, सहा जुलै ना?"

"आजची नको," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधत. "वीस जानेवारी घाल. सातवीतली. सोमवार होता. बस सकाळी सात वाजता शाळेसमोरून निघाली. मी सायकल लावत होते, तेव्हा सगळ्यांनी मला हात केला."

मी वीस जानेवारी घातली. तिने बुटांची पिशवी पलंगाखाली सरकवली आणि चिठ्ठीवरची शाई वाळेपर्यंत तिच्यावर हलकेच फुंकर घालत बसली.