जावेची दृष्ट

माझी धाकटी जाऊ स्मारो समुद्राकाठी राहते आणि मी राहत नाही. माझं सगळं दुःख या एका वाक्यात मावतं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मुलगा जर्मनीत रमला, गुडघे कामातून गेले, हे सगळं मी सहन करते. पण पेरेआ गावातल्या घराच्या ओसरीत, ओले केस मोकळे सोडून, पाय खुर्चीवर ठेवून बसलेली स्मारो मला सहन होत नाही.

मी थेसालोनिकी शहरात तोंबा भागात राहते, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या खिडकीतून समोरच्या बाईने आज काय धुतलं तेवढं दिसतं. स्मारोच्या खिडकीतून अख्खा समुद्र दिसतो आणि त्याच्या पलीकडे आमचं शहर. म्हणजे माझं शहरसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं!

"सासूबाईंनी थोरल्याला भिंती दिल्या आणि धाकट्याला समुद्र," असं मी वीस-पंचवीस वर्षं सांगत आले आहे. जिन्यातल्या शेजारणींना, चर्चमध्ये, केस कापणाऱ्या बाईला. ऐकणारी प्रत्येक जण हळहळते. आपल्यासाठी कुणी हळहळलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण स्मारोकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. ती म्हणजे दृष्ट काढायचे शब्द. आमच्या सासूबाई, सुलताना, दृष्ट काढण्यात नाणावलेल्या होत्या. हे शब्द बाईने बाईला सांगितले तर त्यांची ताकद जाते. बाईने पुरुषाला द्यायचे, पुरुषाने बाईला. सासूबाईंनी ते त्यांच्या थोरल्या मुलाला, माझ्या झीसिसला दिले आणि झीसिसने मला. झीसिस गेल्यावर घराण्यात ते एकट्या माझ्यापाशी उरले.

मी पेरेआला जाऊन आले की दुसऱ्या दिवशी सकाळी स्मारोचा फोन ठरलेला. "वहिनी, डोकं फुटायला आलंय हो. बघता का जरा?"

मी बघायची. दृष्ट फोनवरूनही निघते. कपात पाणी घ्यायचं, बोटाने तेलाचा थेंब सोडायचा, मनात शब्द म्हणायचे. थेंब पाण्यात विरघळला की समजायचं, लागली आहे. मग मला जांभयांवर जांभया यायच्या, डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तिकडे स्मारोचं कपाळ हलकं व्हायचं. दृष्ट कुणाची हे मला चांगलं ठाऊक असायचं. मीच लावायची आणि मीच काढायची. पण काढल्यावर मला फार बरं वाटायचं. पोटातली आग दोन दिवस तरी शांत व्हायची.

परवाच्या शनिवारी मी पुन्हा गेले. पांढऱ्या बुरुजाजवळून बोट धरली. हातात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला गरम बुगात्सा होता, आत मलई भरलेला, वर साखर-दालचिनी भुरभुरलेला. तसला पेरेआत मिळत नाही, म्हणून मी तोच नेते.

स्मारो धक्क्यावर उभी होती. साठीला टेकलेली बाई, पायात रबरी चपला, केसांतून पाणी ठिबकतंय.

"आत्ताच डुंबून आले, वहिनी! पाणी काय सुरेख आहे म्हणून सांगू!"

"दिसतंय," मी म्हटलं. "टॉवेल नाही का घरात?"

ती हसली. तिला टोमणे लागतच नाहीत, तेही एक दुखणंच आहे.

अंगणात अंजिराखाली टेबल मांडलं होतं. माझा दीर पास्खालिस बनियनवर शिंपल्यांचा भात हलवत होता. बायकोसाठी भात हलवणारा नवरा! झीसिसला पाण्याचा पेला कुठे असतो ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं, इतकं खाली की चाकं मोजता यावीत. विमानतळ शेजारीच आहे. विमान आलं की पेरेआची माणसं तोंडातलं वाक्य तसंच धरून ठेवतात आणि ते गेलं की पुढे बोलतात.

"...म्हणून खालची खोली रंगवून घेतली," स्मारो म्हणाली. "फिकट निळी. वहिनी, जुलै-ऑगस्ट इथेच या ना राहायला. त्या तिसऱ्या मजल्यावर भाजून निघता नुसत्या."

म्हणजे आता मी समुद्राकाठी राहायचं, पण हिची पाहुणी म्हणून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी वर बघितलं. अंजिराची एकेक फांदी फळांनी वाकली होती.

"अंजीर काय लगडलंय गं तुझं," मी म्हटलं.

असं काही म्हटलं की लगेच तीनदा थू थू करायचं असतं, म्हणजे दृष्ट लागत नाही. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं हे. मी विसरले नाही. मी केलं नाही.

अर्ध्या तासात स्मारोने काटा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. चेहरा पांढराफटक.

"आलं वाटतं," ती पुटपुटली.

"बस तशीच. मी बघते," मी म्हटलं आणि आत गेले. खोटं कशाला सांगू, पावलं हलकी पडत होती माझी. ज्या घरात माझं काही नाही, त्या घरात त्या घटकेला माझ्यावाचून कुणाचं चालणार नव्हतं. कपात पाणी घेतलं, तेलाची बाटली शोधली आणि सहज खिडकीतून बाहेर बघितलं.

पास्खालिस तिच्यावर वाकला होता. अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मग त्याने जांभई दिली. जबडा निखळेल एवढी मोठी. पुन्हा एक. डोळे पुसले आणि बाजूला तीनदा थुंकला.

असली जांभई मी ओळखते. ती झोपेची नसते.

स्मारोने त्याचा हात बाजूला केला. "पुरे. वहिनी येतील. त्यांना काढू दे, नाहीतर वाईट वाटेल त्यांना."

"अगं, पण निघाली की."

"मग त्या परत काढतील. तुझं काय जातंय?"

मी बाहेर आले. कप टेबलावर ठेवला आणि तेलाचा थेंब सोडला. तो पाण्यावर गोल, पिवळा, अख्खा तरंगत राहिला. दुसरा सोडला, तोही तसाच. इतक्या वर्षांत स्मारोसाठी सोडलेला थेंब अख्खा राहिल्याचं मी बघितलं नव्हतं. मला एकही जांभई आली नाही.

"विरघळला ना?" स्मारोने डोळे मिटूनच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "भावोजी, तुम्हाला कुणी दिले शब्द?"

पास्खालिस अंजिराकडे बघायला लागला. "आईने."

"कधी?"

"झीसिसला दिले त्याच दिवशी. दोघांना शेजारी बसवून दिले. एका मुलाला द्यायचं आणि एकाला नाही, असं आईने कधी केलंय का, वहिनी?"

"केलंय तर!" माझा आवाज चढला. "त्याला भिंती दिल्या आणि तुम्हाला समुद्र!"

तेव्हा स्मारो सरळ बसली. डोकं दुखत असल्याचं चिन्ह नव्हतं चेहऱ्यावर.

"वहिनी, त्या दिवशी कॉफी मी केली होती."

"कुठल्या दिवशी?"

"वाटणीच्या. मी ट्रे घेऊन दारात उभी होते. सासूबाई म्हणाल्या, थोरल्यांनी आधी निवडायचं, शहरातला फ्लॅट की पेरेआची झोपडी. झीसिस भावोजींनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, 'त्या डासांत कोण मरणार? ते नव्या नवरीला द्या. खेड्यातली आहे, तिला सवय असेल.'"

"असं म्हटलं मी?"

"अस्संच. शब्द न् शब्द. ट्रेमधली कॉफी सांडली माझ्या हातून."

विमान आलं. आम्ही तिघं तोंडं मिटून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे विमान असंच डोक्यावर थांबून राहावं.

कारण स्मारो खरं बोलत होती. तेव्हा इथे होतं काय? वेताची बेटं, डास आणि विहिरीला मचूळ पाणी. मला फ्लॅट हवा होता. त्याला लिफ्ट होती. त्या दिवशी घरी जाताना मी झीसिसला म्हटलं होतं, "जिंकलो आपण." पुढे पेरेआत रस्ता आला, दिवे आले, खानावळी आल्या, लोक हौसेने राहायला यायला लागले. मी माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. ते कुणाला सांगता येईना, म्हणून मी सासूबाईंच्या नावाने खडे फोडत राहिले. इतक्यांदा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं.

विमान गेलं.

"एकतीस वर्षांत मी कुणाला बोलले?" स्मारो म्हणाली. "तुमच्या तोंब्याच्या बायका लग्नकार्यात मला बघून नाकं मुरडतात. मुरडू दे म्हटलं."

"आणि घरात काढणारा असताना मला फोन कशाला करायचीस? गंमत बघायला?"

"एरवी तुम्ही करता मला फोन? दृष्ट काढताना तेवढं गोड बोलता माझ्याशी. 'पोरी, पाणी पी, पोरी, जरा पड.' नाहीतर आहेच मग, टॉवेल नाही का घरात!"

पास्खालिस हसला आणि तिने डोळे वटारल्यावर गप्प झाला.

मला रडू आलं नाही. मला राग आला. समुद्र तिचा, अंजीर तिचं, जिता-जागता नवरा तिचा. राहता राहिला चांगुलपणा, तर तोही तिनेच घेऊन ठेवला होता. माझ्यासाठी काही म्हणता काही सोडलं नाही बाईने. मी पर्स उचलली आणि पाचच्या बोटीला निघाले. ती धक्क्यापर्यंत मागे मागे आली, भाताचा डबा हातात कोंबला. मी नको म्हटलं नाही. भात चांगला झाला होता.

बोट सुटली आणि दहा मिनिटांत माझं डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं ऊन लागलं असेल. पण हे दुखणं निराळं होतं. डोळ्यांच्या मागे कुणी बोट रुतवून बसल्यासारखं. वर मळमळ. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांकडून ऐकलेलं सगळं मला एकटीला होत होतं. स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाही. सहा वर्षं हे आठवायची वेळ आली नव्हती, कारण माझ्यावर कुणाची दृष्ट पडावी असं माझ्याकडे आहेच काय?

मान खाली घालून मी फोन लावला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण डोकं दुखायला लागलं की पीळबीळ राहत नाही.

"स्मारो, डोकं."

"तुमचं?"

"नाही, बोटीच्या कप्तानाचं!"

मग ती अगदी हळू म्हणाली, "वहिनी, माझीच लागली असेल."

"तुझी? मला?"

"धक्क्यावर उभी होते. तुम्ही तो निळा झगा घालून बोटीत बसलात, शहराकडे तोंड करून. मनात आलं, बघा, निघाली. घरी कुणाचं जेवण करायचं नाही, नातवंडांचे ओले कपडे गोळा करायचे नाहीत. लिफ्टने खाली उतरली की दुकानं, उजेड, माणसं. लग्नाआधी मी हातमोज्यांच्या दुकानात होते, एग्नातिया रस्त्यावर, आठवतंय? तो फ्लॅट मला हवा होता, वहिनी. रात्रंदिवस देवाला सांगत होते, थोरल्या वहिनी पेरेआ निवडू देत. पहिली दोन वर्षं शहराची बस गेली की मी नळ सोडून रडायची, ह्यांना ऐकू येऊ नये म्हणून. अजूनही बोट सुटताना मला बघवत नाही."

मी मागे वळून बघितलं. पेरेआ किनाऱ्यावरची एक पांढरी रेघ झाली होती. त्या रेघेवर कुठेतरी माझी जाऊ उभी होती आणि एकतीस वर्षं माझ्या तिसऱ्या मजल्यावर जळत होती.

"अगं मेले, थू थू तरी करायचंस!"

"नाही केलं," स्मारो म्हणाली. मग म्हणाली, "थांबा, ह्यांना देते."

पास्खालिसने फोन घेतला. कपात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग एक लांबलचक जांभई. दूरवरून स्मारोने विचारलं, "विरघळला का?" आणि तो म्हणाला, "विरघळला? अगं, थेंब दिसेनासा झाला!"

मी बाकावर सरळ बसले. केस नीट केले, झग्याची सुरकुती ओढून सारखी केली. समोर शहर जवळ येत होतं. त्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर समोरच्या बाईची चादर वाळत असणार. त्या खिडकीसाठी कुणीतरी नळ सोडून रडलं होतं. पास्खालिसने दुसरी जांभई दिली. माझ्या डोळ्यांमागचं बोट सैल पडायला लागलं आणि मी एकदम घाबरले.

"भावोजी," मी घाईघाईने म्हटलं, "सगळी काढू नका हं. थोडी राहू द्या."