दक्षिणेचं दार

अमरावतीच्या कठोरा रस्त्यावरच्या त्या इमारतीतला एक फ्लॅट काही केल्या विकला जात नव्हता, आणि म्हणूनच तो देवमन तेलगोट्यांना परवडला.

देवमन अकोल्याच्या एसटी वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले होते. निम्मं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं, उरलेलं भाड्याच्या खोल्यांत. मुलगा सुगत अमरावतीच्या एका खासगी कॉलेजात शिकवायचा, सून रश्मी नर्स होती. आता सगळ्यांनी एकत्र राहायचं आणि स्वतःच्या घरात राहायचं, असं त्या दोघांनी लग्नातच ठरवून टाकलं होतं. पण अमरावतीत घरं पाहायला निघाले की भाव ऐकून सुगतचं तोंड उतरायचं. घेणारे गावात राहणारे नव्हतेच. कोणी टेक्सासात, कोणी मेलबर्नला, कोणी दुबईत. काही इथलीच तिकडे गेलेली पोरं, काही त्यांचे तिकडचेच ओळखीचे, ज्यांनी अमरावती कधी पाहिलीही नव्हती. घर मोबाइलवर पाहायचे, सोबत वास्तू सांगणारा महाराज जोडून घ्यायचे, आणि दार पूर्वेचं निघालं की बिल्डर सांगेल त्या भावाला हो म्हणायचे. राहायला कोणी येत नसे. घर कुलपात आणि भाव आभाळात.

भाव उतरला होता तो त्या एकाच फ्लॅटचा. तिसरा मजला, दार दक्षिणेला.

"काका, आधीच सांगून ठेवतो, मागून बोलनं नको," बिल्डर नितेशभाऊ म्हणाला. "लोक त्याले यमाची दिशा म्हनतात."

देवमन मोठ्यानं हसले. "त्याच्याच्यानं तुमी भाव कमी करून राहिले ना? मंग यमाले आमचा जय भीम सांगा."

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत आल्यावर घरातले देव मोर्णा नदीत सोडून दिले होते. दिशा, मुहूर्त, राहुकाळ हे शब्द त्या घरात थट्टेपुरतेच उच्चारले जायचे. देवमनना तर मौजच वाटली. ज्या खुळापायी लोकांनी घरं महाग करून ठेवली, त्याच खुळानं आपल्यासाठी एक घर राखून ठेवलं! त्यांची बायको मनकर्णाबाई नव्या ओट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "उजेड लय आहे बाप्पा घरात." त्या उजेडात त्यांनी बुद्धवंदना केली, खीर वाटली.

खीर खायला बाजूच्या फ्लॅटमधले पुंजाराम आले. ते चांदूर बाजारकडचे, संत्र्याची बाग असलेले शेतकरी. बायको गेल्यावर मुलगा पियुष आणि सून प्राजक्ता यांनी त्यांना इथे आणून ठेवलं होतं. ती दोघं टेक्सासात. दोन्ही घरांची दारं जिन्यापाशी काटकोनात होती, एक पूर्वेला, एक दक्षिणेला, आणि मधली भिंत सामाईक. त्या अख्ख्या मजल्यावर माणसं राहत होती ती एवढ्या दोनच घरांत. बाकीच्या कुलपांवर चंदा नावाची बाई आठवड्यातून एकदा फडकं मारून जायची.

पुंजाराम रोज चहाला येऊ लागले. मनकर्णाबाईंनी केलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा पाहिला की त्यांचा चेहरा खुलायचा. पण येताना ते आपल्या दारावरच्या कॅमेऱ्याकडे एकदा वर पाहत.

"सूनबाई तिकून पाह्यते," ते ओशाळून म्हणायचे. "म्हनते, बाबा, तुमी बाजूले लय जाता."

"मंग सांगा तिले, बाजूले चहा चांगला भेटते," देवमन म्हणत, आणि दोघं म्हातारे हसत.

त्या वर्षी रश्मीला दिवस गेले. घरात हळू बोलणं, गोड करणं, नावं सुचवणं सुरू झालं. सातव्या महिन्यात तिचं बीपी एकदम चढलं. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं. रश्मी वाचली, बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

रश्मी घरी आली त्या आठवड्यात चंदा मनकर्णाबाईंजवळ येऊन बसली. "मावशी, मी बोलली नसती. पन बिल्डिंगमधी सगळे तेच म्हनून राहिले. दक्षिनेचं दार लेकरू खाते म्हनतात."

मनकर्णाबाईंनी तिला उठवून लावलं. पण शब्द घरात शिरला तो शिरलाच. पुंजारामांचं येणं आधी कमी झालं, मग थांबलं. मनकर्णाबाई दार लोटून ठेवू लागल्या. एका दुपारी पोळ्या लाटता लाटता त्या अचानक म्हणाल्या, "आपून एक डाव कोनाले इचारलं असतं, तं काय गेलं असतं?"

देवमनच्या हातातला पेला तसाच राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं कधी साधा काळा दोरा बांधला नव्हता.

"काय इचारलं असतं?" ते म्हणाले. "तू हे बोलून राहिली, मनकर्णे?"

"मी सुगतची आई आहे. मले काही बी वाटते," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लाटू लागल्या.

घर विकायचं सुगतनं काढलं तेव्हा देवमन त्याच्यावर ओरडले. मुलगा मोठा झाल्यापासून पहिल्यांदाच. "शिकवते कॉलेजात अन् दाराले भेते!"

सुगत शांतच होता. "बाबा, ती ड्यूटीवरून येते, कुलपाला चावी लावते आणि उभी राहते. आत येत नाही. तुम्ही नाही पाहिलं. मी रोज पाहतो."

देवमन रश्मीजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "मी नाही मानत, बाबा. काय झालं ते मला माहीत आहे, सगळे रिपोर्ट मीच वाचले. पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो आणि मग त्या दाराकडे बघतो. मला रोज त्यांच्यासमोरून आत जावं लागतं."

दुसऱ्या दिवशी देवमननी स्वतःच घर विकायचं असल्याचं लोकांना सांगायला सुरुवात केली.

गिऱ्हाइकं आली. लिफ्टमधून बाहेर पडताच मोबाइलवर होकायंत्र उघडायची आणि उंबऱ्यावरूनच माघारी वळायची. एक बाई कॅनडातून व्हिडिओवर होती. नातेवाईक तिला हॉल दाखवत होता, बाल्कनी दाखवत होता. "मस्त आहे," ती म्हणत होती. मग तिनं दाराची दिशा विचारली. नातेवाइकानं सांगितली. पडदा काळा झाला.

शेवटी देवमनना आशा होती ती आपल्या माणसांची. ओळखीतला एक तरुण इंजिनिअर आला, त्यांच्याच विहारातला, दर रविवारी धम्मावर बोलणारा. त्यानं घर मन लावून पाहिलं, नळ सोडून पाहिले, भिंतीवर टिचकी मारली. घर त्याला आवडलं होतं, ते दिसत होतं.

"मंग?" देवमननी विचारलं.

तो खाली पाहत राहिला. "काका, मी नाही मानत. तुमाले माहीत आहे. पन उद्या मले इकाचं झालं, तं घेनारा मानते ना. सगळी पुंजी यातच टाकावी लागन. मी कसा टाकू?"

"मले बी आता तेच समजून घ्यावं लागते," देवमन म्हणाले आणि त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत येताना आपल्याच दारासमोर थबकले. साधं सागवानी रंगाचं दार. त्यांनी स्वतः त्याला तेलपाणी केलं होतं, कधी कुरकुरू दिलं नव्हतं. आपण मानत नाही, एवढ्यावर हे दार उघडं राहील असं त्यांना वाटलं होतं.

मग एका सकाळी पुंजाराम आले. कितीतरी महिन्यांनी. चहा नको म्हणाले.

"पियुष म्हनते, तुमचं घर आमी घेतो. मधातली भित पाडून दोन्ही एक करतो. तुमचं दार बुजवाचं. मंग दक्षिन राह्यतेच कुठी?"

पियुषनं सांगितलेला भाव देवमननी घर घेताना दिला होता त्याहूनही कमी होता.

"पुंजारामभाऊ," देवमन सावकाश म्हणाले, "दार बुजवलं की ते घर पूर्वेचं झालं. मंग भाव बी पूर्वेचा होईन. तो पियुषचा. अन् आमी?"

"मले का इचारता, तेलगोटेभाऊ?" पुंजारामांचा आवाज चिरकला. "मले कोन इचारते? मले सांगतात, बाजूले जाऊन बोला, मी येतो."

ते उठले. उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला तेव्हा देवमननी हात पुढे केला. पुंजारामांनी तो धरला आणि घटकाभर सोडला नाही. पलीकडे पुंजारामांच्या दारावर कॅमेऱ्याचा लाल ठिपका जळत होता.

दुसरं कोणी घेणारं नव्हतं. सही झाली. आलेल्या पैशातून बँकेचं कर्ज तेवढं भागलं. नवं घर तर सोडाच, त्या रस्त्यावर भाड्यानंही चौघांपुरती जागा मिळेना. कुलूपबंद घरं रांगेनं उभी होती, पण भाड्यानं द्यायला मालकांची तयारी नव्हती. आत कोणी राहून गेलं की नवं घर नवं राहत नाही, भाव जातो. सुगत आणि रश्मीनं बडनेऱ्याला दोन खोल्या घेतल्या. त्यात चार माणसं मावणार नव्हती, हे कोणी बोललं नाही. मनकर्णाबाईंनी आपली भांडी वेगळी बांधली.

दोघं अकोल्याला परतले. ओळखीतल्या केशरबाईंच्या वाड्यात दोन खोल्या रिकाम्या होत्या. पुढची खोली मोकळी, हवेशीर, भाडंही माफक. देवमननी सामानाची पेटी आत ठेवली आणि मागे वळून पाहिलं. मनकर्णाबाई बाहेरच उभ्या होत्या. समोरच्या सावलीकडे पाहून त्यांनी दार दक्षिणेचं असल्याचं कधीच ताडलं होतं. पदराचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिल्या.

देवमनच्या ओठांवर नेहमीची थट्टा आली. त्यांनी ती गिळली.

"केशरबाई," ते म्हणाले, "पूर्वेकडं दार असनारी कोनती?"

"मागची. पन ते अंधारी आहे, भाऊ. संडासाले लागून. अन् भाडं जास्त आहे तिचं, लोक तेच मांगतात."

"तेच द्या."

पेटी उचलून त्यांनी मागच्या खोलीत नेली. दुपारी सुगतचा फोन आला. भिंत पाडून झाली होती. पुंजारामांना चांदूर बाजारला पुतण्याकडे पाठवलं होतं, आणि ते मोठं घर दुबईतल्या कोणीतरी न पाहताच ठरवलंही होतं. सुगत हे सगळं सपाट आवाजात सांगत होता. रश्मी कशी आहे विचारलं तर म्हणाला, "ड्यूटीवर आहे."

देवमननी फोन ठेवला. सतरंजीवर मनकर्णाबाई झोपल्या होत्या. बाळ गेल्यापासून त्यांना दिवसा काय, रात्रीही नीट झोप लागली नव्हती. आता त्या तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या, लहान पोरीसारख्या. देवमन त्यांच्याकडे बराच वेळ पाहत बसले. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही. त्यांनी हातानं एक माशी हाकलली, आणि ती पुन्हा येईल म्हणून तिथेच बसून राहिले.